तोंड नसलेला खिळा

मित्रांनो, मी एक जुना कोरा खिळा आहे. छापखान्यातल्या इतर खिळ्यांच्या डोक्यावर अक्षर असतं, माझं डोकं सपाट. अंग नखाएवढं पातळ, उंचीही त्यांच्याहून कमी. त्यामुळे मला शाई लागत नाही आणि कागदावर मी कधी दिसत नाही. 'बिचारा' म्हणालात ना? म्हणू नका. मला ते खपत नाही.

१९०८ साली मुंबईत शिसं ओतून मला घडवलं आणि बेळगावला अप्पासाहेबांच्या छापखान्यात पाठवलं. तिथे मराठी, कानडी, इंग्रजी सगळं छापलं जाई. लग्नपत्रिका, निपाणीच्या तंबाखूची लेबलं, शाळेच्या वह्यांची वेष्टनं! त्या घाईत माझ्यासारख्या पातळाला कोण विचारतो? अठ्ठावीस वर्षं मी खणात धूळ खाल्ली.

मग लोंढ्याकडच्या एका मिशनच्या शाळेतल्या फ्रेंच सिस्टरने मुलींसाठी फ्रेंच वाचनाचं पुस्तक छापायला दिलं. खिळे जुळवणारा नेमगोंडा सदलग्याचा. त्याला फ्रेंच ओ की ठो कळत नसे. अक्षर बघून अक्षर लावायचा. हस्तलिखितात प्रत्येक उद्गारचिन्हाआधी, प्रश्नचिन्हाआधी बारीकशी मोकळी जागा होती. फ्रेंचांची तशी रीतच आहे. नेमगोंडाने तिथे दोन शब्दांमध्ये घालतात तो जाड कोरा खिळा घातला. प्रूफ निघालं, तर चार चिन्हं शब्दांपासून तुटून पुढच्या ओळीच्या सुरुवातीला एकटीच उभी!

"वरातीतनं चुकल्यात काय रं ही?" अप्पासाहेब ओरडले. "काढून टाक ती फट. कोण बघतंय?"

नेमगोंडाने फट काढली. सिस्टरने नेमकं तेच बघितलं. लाल रेघांनी भरलेलं प्रूफ परत आलं. पुन्हा असं झालं तर काम गोव्याला जाईल, असं तिने कळवलं होतं.

"आता चुकलास तर सदलग्याची वाट धर," अप्पासाहेबांनी बजावलं. त्याच दिवशी झिजलेले खिळे वितळवायला गोळा होत होते. मालकांनी आमचा खणच उचलला. "हेनला तोंड न्हाय, काम न्हाय. घाला भट्टीत."

काम दिलं होतं का कधी? मी संतापलो, पण शिशाचं कोण ऐकतो!

सुटे खिळे खणांत परत लावणाऱ्या अंबुबाई शहापूरच्या विणकर घरातल्या. त्यांनी खण धरून ठेवला. "नेमण्णा, हे पातळ लावून बघ की. आमीबी मागाच्या फणीत एखादं घर रिकामं सोडतो. तेबी इणकामच हाय."

नेमगोंडाने मला शब्द आणि चिन्ह यांच्या मधे बसवलं. आम्हा तिघांना एकच शब्द मानायचं, असं त्याने ठरवलं. खाली जायचं तर शब्दासकट जायचं. एका ओळीत मात्र आम्ही काही केल्या मावत नव्हतो.

"एवढा एक काढ की. काय हुतंय?" मालक म्हणाले.

"न्हाय मालक. एकबी काढणार न्हाय."

त्याने तीन ओळी उसवल्या आणि नव्याने जुळवल्या.

या वेळी सिस्टर स्वतः आली. एकेका चिन्हावर बोट ठेवत तिने पानं तपासली. नेमगोंडा हात धोतराला पुसत होता, पुसलेले पुन्हा पुसत होता. शेवटी ती मुलींकडून शिकलेल्या मराठीत म्हणाली, "बरोबर आहे. छापा." आणि स्तुती केली ती अप्पासाहेबांची!

ती गेल्यावर मालक नरमले. "ऱ्हा बाबा हितंच."

"ऱ्हातो," नेमगोंडा म्हणाला. "पर हे खिळेबी ऱ्हातील. ते भट्टीत जाणार असतील तर मीबी चाललो सदलग्याला."

मालकांनी आमचा खण परत जागेवर ठेवला.

आता १९४७ साल आहे. माझ्या कडा झिजल्यात, पण मी कामावर आहे. मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत माझ्यासारखे न दिसणारे असतील. त्यांची कीव करू नका, त्यांना नीट सांभाळा. त्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर अप्पासाहेबांचं नाव ठळक आहे. नेमगोंडाचं नाही, अंबुबाईंचं नाही, माझं तर नाहीच. नसू दे. आमच्यावाचून ते पुस्तक छापून दाखवा.