उत्तमरावांच्या नावाचा भुंगेरा

पानं खाणाऱ्या काही भुंगेऱ्यांच्या अळ्या आपलीच घाण पाठीवर थापून हिंडतात, कुणी तोंड लावू नये म्हणून. चार वर्षं विनिता त्या अळ्या हाताळत होती. तिला कधी किळस आली नाही. किळस आली ती कल्याणच्या कॉलेजात, रवींद्र सरांच्या केबिनमध्ये.

सर तिचे पीएचडीचे गाईड. त्यांनी भुंगेऱ्यांचा नवा जीनस शोधला होता. साधी नवी जात नव्हे, अख्खं नवं घराणं. आणि तेही कॉलेजच्या कपाटातल्या मेलेल्या किड्यांतून! शनिवारी संस्थेचे अध्यक्ष उत्तमराव यांची पंचाहत्तरी. शाल-श्रीफळासोबत त्यांच्या नावाचा जीनस द्यायचा, ‘उत्तमिया’. म्हणे नात्यातले बाकीचे भुंगेरे सोनेरी, हे तपकिरी, म्हणून घराणं वेगळं. या शोधाच्या पेपरवर दुसरं नाव विनिताचं होतं, आणि पेपरशिवाय तिचा प्रबंध पुढे सरकणार नव्हता.

तिने टेबलावर दोन डब्या ठेवल्या. एकीत सकाळीच खडवलीला बेशरमाच्या झुडपावर धरलेला जिवंत, सोन्यासारखा भुंगेरा. दुसरीत त्याच झुडपावरचा, सोमवारी मारलेला, तपकिरी.

"सर, किडा एकच आहे. मेल्यावर सोनं उतरतं त्याचं."

बारा वर्षांत सरांनी रानात पाय ठेवला नव्हता. तिला वाटलं, बिचाऱ्यांना ठाऊक नसेल.

सर फरसाण खात होते. चुरा पेपरवर सांडत होता. "अगं, मला काय ते आज कळतंय?"

"मग सर?"

"मग काय? उत्तमराव खूश, तू डॉक्टर, मी प्रिन्सिपल. किड्याच्या बापाचं काय जातं? पुढे कुणीतरी खोडेल, तेव्हा बघू." त्यांनी बोटं चाटली आणि त्याच बोटाने पान उलटलं.

अडाणीपणा विनिताने पोटात घातला असता. हे घशाखाली उतरेना. सरांचंच पेन उचलून तिने आपल्या नावावर रेघ मारली.

"चार वर्षं पाण्यात जातील हां."

"जाऊ देत."

सर चिडलेसुद्धा नाहीत. त्या रेघेच्या वर त्यांनी सावकाश, सुरेख अक्षरात समीक्षाचं नाव लिहिलं. समीक्षा दोन महिन्यांपूर्वी सरांकडे पीएचडीला आलेली. तिने भुंगेरा फक्त फोटोत पाहिला होता.

डब्या घेऊन विनिता बाहेर पडली. जिन्यातच उभं राहून तिने पेपर जाणार होता त्या जर्नलच्या संपादकांना सगळं लिहिलं, फोटो जोडले. खाली नाव घातलं, त्यापुढे ‘संशोधक विद्यार्थिनी’. मग ते दोन शब्द तिने पुसले आणि मेल पाठवला.