नव्या पुंगळ्या, जुने वॉड

एमिल ह्रुस्काला मार्चमध्ये पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं बिघडलं. शब्द यायचे, पण भलतेच. चष्मा हवा असला की तो 'गाडी' म्हणायचा आणि भूक लागली की 'शिडी'. मग आपण चुकीचं बोललो हे त्याच्या लक्षात यायचं आणि तो भिंतीकडे तोंड करून बसायचा.

नेब्रास्कातल्या आमच्या गावाबाहेर मक्याच्या शेतांना लागून नेमबाजीचा क्लब आहे. यंत्र मातीच्या तबकड्या हवेत फेकतं आणि आम्ही त्या छर्‍याच्या बंदुकीने फोडतो. एमिल, त्याची बायको लॅव्हॉन आणि धाकटा भाऊ मायलो असे तिघेही तिथे वर्षानुवर्षं यायचे. तिघांची काडतुसं एमिल घरीच, तळघरात भरायचा. झाडलेल्या पुंगळीत नवी टोपी बसवायची, दारू ओतायची, तिच्यावर वॉड, म्हणजे वरून पेल्यासारखं प्लास्टिकचं बूच, दाबायचा, वॉडच्या पेल्यात छर्रे सोडायचे आणि शेवटी पुंगळीच्या तोंडाच्या पाकळ्या पाडून ते आत मिटायचं. एमिलची घडी टेबलासारखी सपाट असायची. तो ते कसं करतो हे कुणी कधी विचारलं नाही, कारण काडतुसं तयारच मिळत होती.

मे महिन्यात ती संपली. लॅव्हॉन तळघरात गेली आणि काडतुसं भरायच्या प्रेससमोर बसली. एमिलच्या जुन्या पुंगळ्या वापरून वापरून तोंडाशी फाटल्या होत्या. मायलोने कुठल्याशा मोठ्या स्पर्धेच्या मैदानावरून एकदाच झाडलेल्या, बादलीभर नव्या वेचून आणल्या. रंग तोच, लांबी तीच. एमिलने साठवलेले वॉड पोतंभर होतेच. लॅव्हॉनने तेच घातले.

काडतुसं झाली, पण प्रत्येकाचं तोंड मधोमध खचलेलं. मायलोने एक उचलून उजेडात धरलं.

"लॅव्हॉन, हे काडतूस आहे की कोलाचेचा गोड पाव? मधल्या खळग्यात जॅम घाल, म्हणजे चर्चच्या जेवणाला नेता येईल."

"तुला नको असतील तर ठेव खाली."

"नको कुठे म्हणालो? घडी मिटलीय ना? मग उडेल की."

तिने एमिलला दाखवलं. त्याने काडतुसाच्या तोंडावर डाव्या हाताचा अंगठा फिरवला आणि मान हलवली.

"नाही," तो म्हणाला.

"काय नाही? दारू कमी पडली?"

"नाही."

"मग छर्रे?"

"नाही. नाही." मग तो चिडला आणि काडतूस त्याने जमिनीवर फेकलं. त्या दिवसांत तो पुष्कळ गोष्टींना नाही म्हणायचा, जेवणालासुद्धा. लॅव्हॉनने काडतूस उचललं आणि बाकीच्यांबरोबर डब्यात टाकलं. क्लबात तिने स्वतः त्यातली बरीच झाडली. सगळी उडाली. आवाज थोडे कमीजास्त होते, एवढंच.

जूनमधल्या एका सकाळी एमिलला पहिल्यांदा क्लबात आणलं. त्याला नेमबाज उभे राहतात त्या रेषेमागे माझ्या शेजारी खुर्चीत बसवलं. मी गुण लिहीत होतो. लॅव्हॉन त्याच्या पलीकडे उभी होती. रेषेवर पाच जण होते आणि मायलो पहिल्या जागेवर होता. मायलोला मुळातच कमी ऐकू येतं, त्यात कानांवर जाड झाकणं.

त्याने तबकडी मागितली आणि चाप ओढला. स्फोटाऐवजी फुसका आवाज आला. तबकडी अख्खीच खाली गेली. मायलोने बंदूक उघडली, पुंगळी बाहेर काढली, दुसरं काडतूस सरकवलं आणि आपली पाळी यायची वाट बघत उभा राहिला. मीही वहीत 'चुकली' अशी खूण केली. नेम चुकणारा माणूस काही नवा नव्हता.

दुसर्‍याने बार काढला. एमिलने खुर्चीच्या दांड्यावर डावा हात आपटला.

"दूध," तो म्हणाला. "दूध. दूध."

मी लॅव्हॉनला म्हणालो, "गाडीत काही प्यायला आहे का बघ, त्याला तहान लागलीय."

लॅव्हॉन गाडीकडे वळली नाही. ती एमिलकडे बघत होती, आणि एमिल मायलोच्या बंदुकीकडे. तिसर्‍याने बार काढला, चौथा बंदूक खांद्याला लावत होता. बार चालू असताना रेषेवर कुणी जायचं नाही, हा क्लबातला पहिला नियम. लॅव्हॉन सरळ चालत गेली. पाचव्याची तबकडी फुटली आणि मायलोने बंदूक उचलली, तेव्हा तिने मागून त्याचा खांदा धरला.

"उघड ती."

मायलोने कानावरचं झाकण बाजूला केलं. "काय?"

"बंदूक उघड. काडतूस काढ आणि नळीत बघ."

"तुझं डोकं फिरलंय का, लॅव्हॉन?"

"फिरलंय. तू बघ."

त्याने काडतूस काढलं आणि नळी आभाळाकडे धरून मागून डोळा लावला. मग रेषेवरून मागे येऊन त्याने बंदूक माझ्या हातात दिली. नळीतून उजेड दिसत नव्हता. काठी घालून ठोकल्यावर वॉड बाहेर पडला आणि त्याच्यामागोमाग न जळलेल्या दारूचे कण माझ्या बुटांवर सांडले. दुसरा बार काढला असता तर नळी तिथेच फुटली असती, आणि मायलोचा डावा हात तिला धरून होता.

मायलो आपल्या गाडीच्या पायरीवर जाऊन बसला. लॅव्हॉन त्याच्याजवळ गेली.

"मी भरलेलं होतं ते," ती म्हणाली.

"पुंगळ्या मी आणल्या होत्या."

"एमिल नाही म्हणाला होता, मायलो. मी ऐकलं नाही."

"तो सगळ्यालाच नाही म्हणतो," मायलो म्हणाला आणि निघून गेला.

दुपारी लॅव्हॉनने घरची सगळी भरलेली काडतुसं कापून रिकामी केली. एमिल जिन्याच्या कठड्याला धरून कसाबसा तळघरात उतरला होता. त्याने एक जुनी पुंगळी आणि एक नवी तिच्यासमोर ठेवली आणि बोटाने वरून खालपर्यंत रेघ ओढली. तिने दोन्ही उभ्या चिरल्या. बाहेरून जुळ्या दिसणार्‍या पुंगळ्या आतून निराळ्या निघाल्या. जुनी तळाकडे अरुंद होत जाणारी, नवी सरळ नळकांड्यासारखी. जुना वॉड नवीत टाकला तर सैल पडत होता. दारूचा जोर त्याच्या कडेने निसटत असणार. शिवाय आत जागा जास्त म्हणून छर्रे खाली बसत, आणि घडीला टेकायला काही उरत नसे.

"म्हणून खड्डा पडत होता," ती म्हणाली.

एमिलने मान हलवली. या वेळी वरखाली.

बंदुकीची दारू बनवणार्‍या कंपनीच्या तक्त्यात त्या पुंगळीसाठी दोन वॉड दिले होते. तिने दोन्ही मागवले. एकाने छर्रे इतके वर आले की घडी मिटेना, मधे भोक राही आणि त्यातून छर्रे गळत. दुसरा तळाशी रुंद होता आणि हाताने ढकलताना किंचित अडत होता. त्याची घडी सपाट आली. एमिलने अंगठा फिरवला, परत फिरवला आणि काडतूस शर्टाच्या खिशात टाकलं. लॅव्हॉन तिथेच स्टुलावर बसून रडली. एमिल ते संपेपर्यंत थांबला.

मायलो त्या उन्हाळ्यात दुकानातली काडतुसं आणायचा. लॅव्हॉनने त्याला त्याबद्दल एकदाही विचारलं नाही. सप्टेंबरमध्ये, स्पर्धा ऐन रंगात असताना त्याची संपली. तो तिच्या डब्याशी आला, एक काडतूस उचलून त्याचं तोंड बघितलं, मग मूठभर खिशात घातली.

"पहिला बार मी काढून बघते हवं तर," लॅव्हॉन म्हणाली.

"राहू दे," मायलो म्हणाला आणि रेषेकडे गेला. बार नीट निघाले. तबकड्या मात्र त्याच्या बर्‍याच चुकल्या, आणि त्याबद्दल तो संध्याकाळपर्यंत वार्‍याला शिव्या देत होता.