आत्याचं पान झाकायचं होतं

माझ्या आत्याने उमेदीची सगळी वर्षं आमच्या कारखान्यात वेताच्या खुर्च्या विणल्या. वाटा मागितला तेव्हा बाबांनी, म्हणजे तिच्या सख्ख्या भावाने, तिला बाहेरची वाट दाखवली. तिने जवळच स्वतःचं दुकान मांडलं. पण आमच्या वेबसाइटवर तिच्या कामाचं एक पान होतं. सर्चमध्ये तिचं नाव टाकलं की तेच वर यायचं, आणि लोक फोटो बघून तिला शोधत जायचे.

बाबांना ते डोळ्यांत सलायचं. पान पुसताही येईना, कारण आजोबा रोज सकाळी फोनवर लेकीचं काम बघत. म्हणून हुकूम सुटला: पान राहू दे, पण जगाला दिसता कामा नये. वेबसाइट मी सांभाळते. मी साफ नाही म्हटलं.

मग बाबांनी एक तज्ज्ञ गाठला. त्याने पानात चिठ्ठी घातली, ‘मला यादीत घेऊ नका’. शिवाय क्रॉलरला, म्हणजे सर्च इंजिनसाठी पानं वाचत हिंडणाऱ्या प्रोग्रामला, त्या पानावर यायचीच बंदी केली. दुहेरी कुलूप, म्हणाला.

सर्चमध्ये दिसणारी फोटोखालची माहिती गेली, पण आत्याचं नाव आणि पानाचा पत्ता तिथे होताच. बाबांनी खापर माझ्यावर फोडलं. त्यांच्या लेखी सर्च म्हणजे वर्तमानपत्रातली जाहिरात, आज बंद केली की उद्या गायब.

मला हसू आलं आणि संतापही. क्रॉलर बंदी पाळतो, आत येत नाही. मग आतली चिठ्ठी वाचणार कोण? आत्याच्या गिऱ्हाइकांनी आपापल्या साइटवर तिच्या नावासकट तो पत्ता दिलाय, तिथून त्याला कळतंच. वाचायची बंदी म्हणजे यादीतून काढणं नव्हे, हे मी बाबांना सांगितलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे मनातच ठेवलं.

“मग बंदी काढ,” बाबा म्हणाले. “वाचू दे चिठ्ठी.”

मी त्यांच्यासमोर बंदी काढली. मग चिठ्ठीही काढली, आणि काढली म्हणून सांगितलं; आता पान पुन्हा सर्चमध्ये येणार होतं.

“कारखाना माझा आहे,” त्यांचा आवाज चढला.

“आहे. वीण तिची आहे.” मी माऊस त्यांच्याकडे सरकवला. “पान पुसायचं तर इथे दाबा. उद्या सकाळी आजोबांना कारणही तुम्हीच सांगा.”

बाबांनी त्या बटणाकडे पाहिलं. माऊसला त्यांनी हात लावला नाही.