सहा आठवड्यांचा उशीर

मी एक जुनं गुलाबी कार्ड आहे, मित्रांनो. दिवस राहू नयेत म्हणून बायकांना दर तीन महिन्यांनी इंजेक्शन देतात, त्याच्या तारखा माझ्यावर लिहितात. छापखान्यात आमचे शंभर-शंभरचे गठ्ठे बांधले आणि आम्ही नर्सताईंच्या टेबलाच्या खणात येऊन पडलो.

माझ्या वाट्याला आली लाँड्रीत चादरींना इस्त्री करणारी एक बाई. कुशीत दीड महिन्याचं बाळ. बाळंतपणात पोट फाडावं लागलं, रक्त इतकं गेलं की डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "दोन वर्षं तरी पुन्हा दिवस जाता कामा नयेत. जिवावर बेतेल."

दुसऱ्या इंजेक्शनला ती दवाखान्याचं दार उघडायच्या आधीच हजर होती. "सगळ्याजणी तुझ्यासारख्या असत्या तर माझे केस एवढे पिकले नसते," नर्सताई म्हणाल्या. मला माझीच पाठ थोपटल्यासारखं वाटलं.

तिसरी तारीख जवळ आली. लाँड्रीचा मालक अर्ध्या दिवसाच्या सुट्टीलाही तोंड वाकडं करायचा. भाजी निवडता निवडता तिची मोठी जाऊ म्हणाली, "दीड महिन्यानं बाळाची लस आहेच की. एका फेरीत दोन्ही उरकून टाक."

"उशीर होईल ना, जाऊबाई?"

"पाळी आली का तुला?"

"इंजेक्शन घेतल्यापासून आलीच नाही."

"मग! औषध अजून अंगात आहे. उगाच जिवाला घोर कशाला?"

माझ्यावर तारीख ठळक लिहिलेली होती, पण मला कुठलं तोंड? तिनं मला लसीच्या फाइलमध्ये सरकवलं.

लसीच्या दिवशी नर्सताईंनी बोटांवर आठवडे मोजले. "सहा आठवडे! अगं, थोडे दिवस पुढेमागे चालतात, पण इतके? या इंजेक्शननं पाळी थांबते, ती नाही म्हणून औषध आहे असं नसतं गं." त्यांनी लघवी तपासली. "आज काही दिसत नाही. पण इतक्यात कळणारही नाही. तीन आठवड्यांनी परत ये, इंजेक्शनचं तेव्हा बघू, तोवर निरोध वापरा."

ते तीन आठवडे ती जेवली किती आणि झोपली किती, कोण जाणे. शेवटी शेवटी इस्त्रीच्या वाफेनंही तिला मळमळायला लागलं.

या खेपेला तपासणीच्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या, म्हणजे दिवस गेले होते. ती बाकावर बसली, बाळ तिच्या कानातलं ओढत होतं, तिला भान नव्हतं.

"डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या, आठवतं ना तुम्हाला?" तिनं नर्सताईंना विचारलं.

"आठवतं. म्हणून तर आत्ताच मोठ्या दवाखान्यात जायचं, गर्भ ठेवायचा की नाही ते तिथं डॉक्टरांशी बोलून ठरवता येईल. मी येते बरोबर."

निरोप मिळताच जाऊबाई दवाखान्यात धावत आली, बाळ तिच्या हातात दिलं.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाचं असं कार्ड असेल तर तारीख मोठ्यानं वाचा. पाळीवरून अंदाज बांधू देऊ नका. तारीख चुकलीच, तर नर्सताई रागावतील म्हणून तिला घरी बसू देऊ नका. रागावतात, पण मार्ग सांगतात. उशीर जितका कमी, तितके मार्ग जास्त.

तिचं पुढे काय झालं, मला ठाऊक नाही. मोठ्या दवाखान्याच्या गाडीत बसताना नर्सताईंनी तिचे बाकीचे सगळे कागद नेले. मला टेबलावरच ठेवलं. माझ्या उपयोगाची वेळ टळून गेली होती.