परक्या नावाच्या तीन नोंदी

मित्रांनो, मी बँकेचं एक जुनं कार्ड आहे. आता कुठलंही यंत्र मला ओळखत नाही. हसनाबादच्या दैवशालाबाईंच्या बटव्यात, मागच्या कप्प्यात मी पडून असतो. माझ्यामुळे एका सरळ बाईवर आळ आला होता. तो कसा आला, हे तुम्हांला सांगावं असं फार दिवसांपासून मनात होतं.

माझा जन्म एका थंडगार कारखान्यात झाला. प्लास्टिकचे पातळ थर एकमेकांवर दाबून मला घडवलं, अंगावर सोनेरी चौकोन बसवला आणि खाली दैवशालाबाईंचं नाव उमटवलं. पोस्टमनने पाकिटातून मला आणलं, तेव्हा बाईंना जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. पहिले सहा महिने मी त्यांच्या कपाटात साड्यांच्या घडीखाली होतो. हे वापरलं तर पेन्शनला पाय फुटतील, असं त्यांना वाटायचं. पुण्याचा मुलगा दिवाळीला आला, त्याने मला बाहेर काढलं आणि आईला सगळं शिकवलं.

मग माझे चांगले दिवस सुरू झाले. औषधांच्या दुकानात, भोकरदनच्या कापडदुकानात बाई मला मोठ्या रुबाबात पुढे करायच्या. शेजारच्या गिरिजाबाई मला उलटसुलट करून बघायच्या आणि एवढ्याशा तुकड्यात पैसे मावतात कसे, याचं नवल करायच्या. खरं सांगतो, मला तेव्हा थोडा गर्वही झाला होता.

पुढे बाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसरा धूसरच राहिला. यंत्रावरची बटणं दिसेनात. तेव्हापासून माझे चार गुप्त आकडे मीना दाबू लागली. मीना बाईंच्या घरी नऊ वर्षं धुणंभांडी करत होती. बाजारात ती त्यांचा हात धरून चालायची. आकडे दाबताना दुसऱ्या हाताचा आडोसा करायची, आणि काम झालं की मला पदराला पुसून बटव्यात ठेवायची. इतक्या जपून मला कुणीच हाताळलं नव्हतं.

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. शनिवारी सकाळी परतूरजवळच्या आष्टीहून फोन आला. बाईंची मैत्रीण बेबीनंदा रात्रीतून गेली होती. दोघींनी आष्टीच्या शाळेत चौदा वर्षं एका टेबलावर बसून वह्या तपासल्या होत्या. बाईंनी चहाचा कप तसाच ठेवला, गल्लीतल्या तातेरावांची जीप ठरवली आणि एकट्याच निघाल्या. मीना त्या दिवशी माहेरी होती.

जालना मागे पडलं. परतूरकडे जाताना तातेरावांनी जवळचा म्हणून आडवा रस्ता धरला. त्या रस्त्यावर शेताशेतांच्या मधोमध एक पेट्रोल पंप आहे आणि त्याला लागूनच किराण्याचं छोटं दुकान. आजूबाजूला दुसरी वस्ती नाही. तातेरावांनी दीड हजाराचं डिझेल घातलं. बाईंनी खिडकीतून मला बाहेर दिलं, पण त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. पंपावरच्या माणसाने मला यंत्राला नुसतं टेकवलं. तिथे रेंज धड येत नाही. यंत्र घरघरलं आणि व्यवहार झाला नाही असं दाखवू लागलं. त्याने मला पुन्हा टेकवलं, तेव्हा चिठ्ठी निघाली. मग तातेरावांच्या सांगण्यावरून दुकानातल्या चतुराबाईंनी पाणी, बिस्किटाचे पुडे आणि मैत्रिणीच्या घरच्या लेकरांसाठी फरसाण दिलं, आणि तिथेही मला एकदा टेकवलं. चिठ्ठ्या जीपच्या खिडकीतून कधी उडाल्या, ते बाईंना कळलंही नाही.

पुढच्या बुधवारी बाईंनी बँकेत जाऊन पासबुक भरून आणलं. घरी भिंगातून वाचताना त्यांचं बोट थांबलं. दीड हजार, परत दीड हजार, मग तीनशे चाळीस. तिन्ही नोंदींपुढे 'भगवंत फ्युएल्स, नाशिक' असं लिहिलं होतं आणि तारीख सोमवारची होती. बाई सोमवारी घरातून हलल्या नव्हत्या. नाशिकला तर पंधरा वर्षांत गेल्या नव्हत्या.

मी समोरच पलंगावर पडलो होतो. पंप तोच, यंत्रं तीच, हे मला ठाऊक होतं. पण मित्रांनो, कार्डाला तोंड नसतं.

बाईंनी मुलाला फोन लावला. त्याने विचारलं, आकडे आणखी कुणाला माहीत आहेत? बाईंनी मीनाचं नाव सांगितलं. मीनाचा नवरा मच्छिंद्र टेम्पो चालवायचा, कांदे घेऊन लांब लांब जायचा. नाशिकलाही जायचा. एकदा हे मनात आलं, आणि मग मीनाने मला एका दिवसापुरतं त्याच्याकडे देऊन परत बटव्यात ठेवलं असेल, असं सगळं त्याला जुळत गेलं.

दुसऱ्या दिवशी मीना भांडी घासत होती. बाई दारात उभ्या राहिल्या. त्यांनी चोरी हा शब्द काढला नाही. एवढंच विचारलं, "मीना, मच्छिंद्र सोमवारी नाशिकला गेला होता का गं?"

मीनाने गेल्ता म्हणून सांगितलं आणि का विचारता असं विचारलं. बाईंनी पासबुक पुढे केलं. मीना चौथी शिकलेली. तिने त्या ओळींवरून हळूहळू नजर फिरवली. मग नळ बंद केला, हात पुसले आणि कमरेची बाईंच्या घराची किल्ली काढून ओट्यावर ठेवली.

"बाई, नऊ वर्षांत तुमच्या घरातली साखरसुद्धा मी इचारल्याबिगर घेतली न्हाई," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. उरलेली भांडी तिने धुऊन पालथी घातली आणि गेली.

त्या दुपारी बाईंनी बँकेत तक्रार दिली आणि मला कायमचं बंद केलं. तिथल्या साहेबांनी त्यांना समजावलं होतं की नोंदीत पंपाचं नाव येत नाही, यंत्र ज्याच्या नावावर आहे त्याचं नाव येतं. शिवाय शनिवार-रविवार सुट्टी असली तर आमच्याकडे नोंद सोमवारी चढते. चार-पाच दिवस आधी कुठे प्रवास केला होता का, हेही विचारलं. बाईंनी नाही म्हणून मान हलवली. मैतीला जाणं हा त्यांच्या लेखी प्रवास नव्हता. आणि पंपावर थांबल्याचं तर त्यांच्या मनावर उमटलंच नव्हतं.

गावात गोष्ट दडत नाही. गिरिजाबाईंनीही मीनाचं काम बंद केलं. कामाची दोन घरं एका आठवड्यात गेली. मीना खाली मान घालून गल्लीतून जायची आणि बाई खिडकीचा पडदा ओढून घ्यायच्या. घरात भांडी साचत होती. बाईंना ना जेवण गोड लागत होतं, ना झोप येत होती. मीनाने घेतले असतील तर वाईट, आणि नसतील घेतले तर त्याहून वाईट, असं त्या एकदा स्वतःशीच पुटपुटल्या.

पुढच्या गुरुवारी बेबीनंदाचा तेरावा होता. बाई पुन्हा तातेरावांच्या जीपमध्ये बसल्या. मी बंद पडलेला, पण बटव्यातच. तातेराव सवयीने त्याच पंपावर थांबले. बाई पाय मोकळे करायला उतरल्या, तशा चतुराबाई दुकानातून पुढे आल्या.

"माय, आज बरं वाटून राह्यलं का? त्या दिवशी मी पाण्याची बाटली हातात दिली, तर तुम्ही ती तशीच धरून बसल्या होत्या."

बाईंना काहीच आठवेना. मी इथे आले होते का, असं त्यांनी विचारलं.

"आल्त्या की. कार्ड दोनदा लावावं लागलं. रेंज न्हाई इथं."

बाईंनी पाण्याची बाटली मागितली, रोख पैसे दिले आणि त्याच यंत्रातून पावती मागून घेतली. भिंग काढून वाचली. वर लिहिलं होतं, भगवंत फ्युएल्स, नाशिक. मालक पहिले नाशिकचे, यंत्रं त्यांच्या जुन्या फर्मच्या नावावर आहेत, पंपाची आणि दुकानाची दोन्ही, असं चतुराबाईंनी सांगितलं.

"पण माझे आकडे कुणी दाबले?" बाईंनी विचारलं.

"आकडे कशाला लागतात एवढ्याला? नुसतं टेकवलं की झालं."

बाई खाली पायरीवर बसल्या. तातेरावांना वाटलं चक्कर आली. मी बटव्यात होतो आणि बटवा त्यांच्या छातीशी होता. त्यांचं काळीज किती जोरात उडत होतं, ते मला आतून कळत होतं. आकडे फक्त मीनाला माहीत, म्हणून मीनाच, हा सगळा हिशेब मुळातच खोटा होता.

शुक्रवारी सकाळी बाई बँकेत गेल्या. पासबुकात नवी ओळ होती. फसलेल्या व्यवहाराचे दीड हजार आपोआप परत जमा झाले होते. तिथून त्या सरळ गिरिजाबाईंच्या ओट्यावर गेल्या. दोन-चार बाया निवडणं-टिपणं करत बसल्या होत्या. सगळ्यांच्या देखत बाई म्हणाल्या, "पैसे मीच खर्च केल्ते. मीनाचा काही संबंध न्हाई. चूक माझी हाय." आयुष्यभर वर्गात शुद्ध बोललेल्या बाई त्या दिवशी घरच्या बोलीत बोलल्या.

मग त्या मीनाच्या दारात गेल्या आणि तिच्यापुढे हात जोडले. मीनाने झटकन ते हात खाली केले, बसायला पोतं टाकलं, चहा ठेवला. पण बाईंनी आणलेली किल्ली घेतली नाही.

"काम करीन मी. तुमच्या डोळ्यानं तुम्हाला चूल दिसत न्हाई, ते मला ठावं हाय," ती म्हणाली. "पण कार्ड तुमचं तुम्हीच धरा."

आठ दिवसांनी ती कामावर आली. गिरिजाबाईंनीही बोलावणं धाडलं, पण तिथे ती गेली नाही. नवं कार्ड आलं. औषधांच्या दुकानात बाईंनी ते मीनापुढे धरलं, तेव्हा मीनाने तोंड रस्त्याकडे वळवलं. आता बाई डोळे बारीक करून एकेक बटण चाचपतात, कधी चुकतात, मागची माणसं खोळंबतात. मीना बाजूला उभी असते. घरी येताना हात मात्र धरते.

मित्रांनो, पासबुकात कधी अनोळखी नाव दिसलं तर घाबरणं साहजिक आहे. तेव्हा आधी कार्ड बंद करा, बँकेला विचारा, चिठ्ठ्या जपून ठेवा, मागचे चार दिवस आठवून पाहा. पेट्रोल कुठे भरलं, पाणी कुठे प्यायलो, ते घरातल्यांना विचारा. हे सगळं करायला फार तर आठवडा लागतो. तेवढा आठवडा तरी आपल्या माणसाकडे बोट दाखवू नका. मी प्लास्टिकचा तुकडा आहे, माझ्या जागी दहा दिवसांत दुसरं कार्ड आलं. मीना मात्र अजूनही त्या घरात साखरेच्या डब्याला हात लावण्याआधी मोठ्याने विचारते, आणि दर वेळी बाईंची मान खाली जाते.