सातव्या पानावरचा मुक्काम

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. मी एक जुना ई-रीडर आहे. पाटीहून लहान, काळ्या चौकटीचा, एका कोपऱ्यात ओरखडा असलेला. आणि दहिसरच्या एका इमारतीत, नवव्या मजल्यावर, मी आठ महिने रोज दुपारी चार ते पाच एका माणसाला गोष्ट ऐकवली. पोटात विजेचा थेंब नसताना. असा पराक्रम दुसऱ्या कुठल्या ई-रीडरने केला असेल तर त्याने पुढे यावं, मी त्याच्या पाया पडेन.

पराक्रम म्हणालो खरा, पण सांगताना मान खाली जाते. का, ते ऐका.

माझा जन्म कुठल्याशा परमुलखातल्या कारखान्यात झाला. एका पाळीत आम्ही बाराशे भावंडं जन्मलो आणि एकही रडलं नाही, कारण आमच्या घराण्याला आवाजच दिलेला नाही. आम्ही फक्त दाखवायचं, वाचायचं माणसाने. खोक्यात बसून, समुद्र ओलांडून मी मुंबईत आलो. मीरा नावाच्या मुलीने मला तिच्या वडिलांसाठी घेतलं. ती घाटकोपरला रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला आहे, सकाळी सातला घर सोडते ती रात्री आठला परत येते.

तिचे वडील धोंडिराम, तेच माझे मालक. महापालिकेच्या पाणीखात्यात कारकुनी केलेला माणूस. उभं आयुष्य वाचनात गेलं. चाळ पाडून हा टॉवर झाला तेव्हा नव्या घरात पुस्तकांना जागा उरली नाही. सोळा गोणी पुस्तकं त्यांनी बुद्धविहाराच्या वाचनालयाला दिली आणि दोन दिवस जेवले नाहीत. मग मीराने मला त्यांच्या हातात ठेवलं आणि म्हणाली, बाबा, सोळाच्या सोळा गोणी यात मावतात. मालकांनी मला उलटंसुलटं करून पाहिलं, नाकाशी धरलं आणि म्हणाले, याला वास येत नाही.

पण आठवड्याभरात आमचं जमलं. पुढची चार वर्षं माझ्या आयुष्यातली सोन्याची. मालकांनी माझ्यावर दोनशे पुस्तकं वाचली. आवडलेल्या ओळीवर बोट फिरवून ते खूण करत, आणि मी ती जपून ठेवत असे. झोपताना चष्म्याच्या मऊ फडक्यात मला गुंडाळून उशीखाली ठेवत. या चार वर्षांत मी एकदाही पान विसरलो नाही. ही बढाई नाही, एवढं तरी खरं माना.

मग त्यांच्या डोळ्यांमागचा पडदा खराब होत गेला. ते माझी अक्षरं मोठी करत गेले. पानावर आधी वीस ओळी मावत, मग आठ, मग चार. शेवटी एका वेळी दोनच शब्द मावू लागले, आणि तेही त्यांना धुरातून पाहिल्यासारखे दिसत. एके दिवशी त्यांनी मला फडक्यात गुंडाळलं ते गुंडाळलंच.

इथे गुणाजी येतो. समोरच्या दाराचा म्हातारा. मूळचा मालवणकडचा. गिरणी बंद पडल्यावर अंधेरीच्या एका ऑफिसच्या इमारतीत त्याने सव्वीस वर्षं लिफ्ट चालवली. सात मजल्यांची लिफ्ट. खाली साहेब आत शिरला की गुणाजी गोष्ट सुरू करणार, आणि सातव्या मजल्याला दार उघडताना साहेब हसत बाहेर पडला पाहिजे. काय वाटेल त्या थापा मारायचा. एकदा म्हणे लिफ्ट आठव्या मजल्यावर गेली होती, जो त्या इमारतीला नव्हताच.

या गुणाजीची एक गोष्ट मात्र अख्ख्या इमारतीत कुणाला ठाऊक नव्हती. तो तिसरीपर्यंत शिकलेला. वाचता येतं, पण बोट ठेवून, एकेक अक्षर लावत. ते कळू नये म्हणून काखेत कायम घडी केलेलं वर्तमानपत्र.

मालक एकदा त्याला म्हणाले, तुझ्याकडे चष्मा आहे, वेळ आहे, आवाज तर काय विचारूच नको. मला वाचून दाखव. तेव्हा गुणाजीने एवढंच म्हणायचं होतं, की अरे, मी हळू वाचतो. चार शब्द. पण जो माणूस सोळा गोणी पुस्तकं वाचून बसलाय त्याच्यासमोर ते चार शब्द तोंडातून निघेनात.

वाचायला घेतली ती नदीकाठच्या गावातल्या एका तलाठ्यावरची जाडजूड कादंबरी. पहिल्या आठवड्यात गुणाजीने सात पानं वाचली. कपाळाला घाम, शब्द अर्धा तुटायचा, ओळ हरवायची. आठव्या दिवशी मालक हळूच म्हणाले, दमत असशील तर राहू दे गुणाजी, माझा काही हट्ट नाही. गुणाजीला पुढचं दिसलं. चारची ती खुर्ची, तो चहा, कुणीतरी आपली वाट बघतंय हे सगळं जाणार. त्याने माझ्यावरची नजर उचलली आणि तलाठ्याला सरळ वर्सोव्याला नेऊन सोडलं.

आणि मग काय विचारता. वर्सोव्याहून मढला जाणाऱ्या बोटीत एक वऱ्हाड बसलं. खाडीच्या मधोमध ओहोटी लागली आणि बोट चिखलात रुतली. मुहूर्त टळायला नको म्हणून लग्न चिखलातच लागलं. तलाठी खूश होऊन त्या चिखलाचा सातबारा नवरा-नवरीच्या नावे करून मोकळा झाला. भरती आली की जोडपं भूमिहीन, ओहोटी लागली की पुन्हा जमीनदार. मालक इतके हसले की मीराने सकाळी भरून ठेवलेलं पाणी सांडलं. म्हणाले, सातव्या पानानंतर लेखकाचा हात काय मोकळा सुटलाय.

त्या दिवसापासून माझं पान उलटलं नाही. गुणाजी मला मांडीवर धरायचा, अधूनमधून अंगठा फिरवायचा आणि बोलत राहायचा. पान उलटत नाही म्हटल्यावर मला चार्ज कोण करणार? महिन्याभरात मी संपलो. माझ्या पडद्याचा गुण असा, की वीज गेली तरी शेवटचं चित्र तसंच राहतं. ते चित्र होतं रिकाम्या बॅटरीचं. गुणाजी रोज तासभर त्या रिकाम्या बॅटरीकडे बघून कादंबरी वाचत होता, आणि मालक माझ्या पाठीवर थाप मारून म्हणत, शाबास, काय पुस्तक आणलंस. मित्रांनो, न केलेल्या कामाची शाबासकी फार जड असते.

मीरा कधी सुटीच्या दिवशी मला उचलायची. बघावं तर मी मेलेला. चार्ज करावं तर सातवं पान. ती वैतागून म्हणाली, याची बॅटरी गेली वाटतं काका, आणि पानसुद्धा लक्षात ठेवत नाही. त्यावर गुणाजी काय म्हणाला माहीत आहे?

“हो ना पोरी. रोज मलाच पान शोधावं लागतं. जुनं झालंय ते.”

चार वर्षं एक पान न विसरलेल्या माझ्यावर हा आळ आला, आणि मला आवाज नाही.

तरीही हे खपून गेलं असतं. पण वाचनालयात दर महिन्याला वाचकांची बैठक असते. मालक काठी टेकत गेले आणि चाळीस माणसांसमोर उभे राहून त्यांनी तो चिखलाचा सातबारा सांगितला. लोक पोट धरून हसले. मग वाचनालय सांभाळणारी शीतल उठली. चांगली मुलगी आहे, अदबीनेच बोलली.

“काका, हे पुस्तक मी दोनदा वाचलंय. त्यात समुद्रच नाही.”

मालक अडून बसले. म्हणाले, मी स्वतः ऐकलंय, पानापानाने ऐकलंय. शीतलने कपाटातून पुस्तक काढून शेवटपर्यंत चाळून दाखवलं. त्यांना ते दिसणार कुठून? मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. वाचनासाठी ज्यांच्याकडे लोक मान वर करून बघत, ते धोंडिराम त्या दिवशी न वाचता पुस्तकावर बोलणारा माणूस ठरले.

दोन दिवस त्यांनी वाचन नको म्हटलं. तिसऱ्या दिवशी मीराला म्हणाले, या यंत्राने दोन पुस्तकं एकात एक घातली आहेत, दुसरं घेऊ. गुणाजीवर त्यांना क्षणभरही शंका आली नाही. सगळी शंका माझ्यावर.

मीरा मोबाइल घेऊन बसली. दोन वाटा होत्या. माझ्याच कंपनीचा नवा घेतला तर दोनशे पुस्तकं आणि मालकांच्या सगळ्या खुणा आपोआप त्यात येणार, पण वाचायला माणूस लागणार. दुसऱ्या कंपनीचा मराठी स्वतः मोठ्याने वाचतो, माणूस नको. मात्र त्यात जुनं काहीच येणार नाही, पाटी कोरी. रविवारी संध्याकाळी सहाला मागवायचं ठरलं. मालक गुणाजीला म्हणाले, आठ महिने तूच हाताळलंयस, मला आता कशाचाच अंदाज राहिला नाही. तू सांगशील ते घेऊ.

गुणाजीने एक दमही घेतला नाही. म्हणाला, त्याच कंपनीचं घे. ते बोलणारं यंत्र स्टेशनवर गाडी आल्याची सूचना दिल्यासारखं वाचतं. शिवाय तुझ्या खुणा जातील, दोनशे पुस्तकांच्या खुणा. खुणांची त्याला केवढी काळजी. खरं तर ते बोलणारं यंत्र सातव्या पानाच्या पुढे काय बोलेल, याचीच त्याला धास्ती होती.

रविवारी सकाळी गुणाजी आपल्या स्वयंपाकघरात गेला. त्याची बायको सुगंधा बोंबील साफ करत होती. तिच्याजवळ बसून त्याने सगळं सांगितलं. त्याला वाटलं होतं ती हसेल, इतकी वर्षं त्याच्या थापांना हसत आली होती. ती हसली नाही. हात न थांबवता म्हणाली,

“चाळीस माणसांत तेंका खोटे पाडलास तुमी, आणि आळ घालतास त्या डबड्यार? तोंड असलेल्यान बोलूक व्हया.”

दुपारभर तो खिडकीशी बसून राहिला. चार वाजता इस्त्रीचा शर्ट घालून निघाला. दोन दारांत सहा पावलांचं अंतर आहे, तेवढ्यात तो दोनदा मागे फिरला. सव्वीस वर्षं दुसऱ्यांना वरखाली नेलं, पण सहा पावलं स्वतःला नेणं जमेना.

म्हणून मित्रांनो, हात नसतानाही हात जोडून सांगतो. आम्हा यंत्रांना जपा. वेळच्या वेळी चार्ज करा, मऊ फडक्याने पुसा. आम्ही जुने झालो तर खुशाल बदला, आमची तक्रार नाही. पण माणसाने केलेली लबाडी आमच्या अंगावर टाकू नका, कारण आम्हाला तोंड…

“थांब,” धोंडिराम म्हणाले.

खुर्चीतला गुणाजी थांबला. मांडीवरच्या ई-रीडरवर त्याचा अंगठा तसाच राहिला.

“हे कुठलं पुस्तक म्हणालास?”

“लहान मुलांचं आहे,” गुणाजी म्हणाला. “नवीन लेखक आहे कोणीतरी.”

धोंडिराम उशीला टेकून बसले होते. त्यांनी हात पुढे केला, गुणाजीच्या मांडीवरून यंत्र उचललं आणि आपल्या पोटाशी धरलं.

“हे आज सकाळपासून माझ्या उशीखाली होतं गुणाजी. सुगंधावहिनी तुझ्या स्वयंपाकघरात काय बोलल्या ते याला कसं कळलं? तू दारातून दोनदा मागे फिरलास, ते याने कुठून पाहिलं?”

गुणाजी इस्त्रीच्या शर्टाची बाही ओढत राहिला.

“खोटं बोलतोयस तू. यंत्राला लाज वाटत नसते.” धोंडिरामांचा आवाज चढला नाही. “सहाला मीराला सांगतो, बोलणारं मागव. खुणा मला आता कुठे दिसतात. त्या तलाठ्याचं पुढे खरं काय झालं ते मला ऐकायचंय. आणि पुढच्या बैठकीला तू माझ्याबरोबर यायचं. तो सातबारा कोणी केला, ते शीतलसमोर, चाळीस माणसांत, तूच उभा राहून सांगायचं.”

“येतो,” गुणाजी म्हणाला.

“आणि उद्या चारला ये. हातात काही न घेता.”