रबरी आजोबा कोठीत जाणार नाहीत

मित्रांनो, मी जुना आहे हे मला मान्य आहे. माझा डावा कान फाटलाय, गुडघ्याला चिकटपट्टी लावलीय आणि केसांच्या जागी नुसता पुसटसा काळा रंग उरलाय. पण मला कोणी टाकाऊ म्हटलं, तर मी मुळीच ऐकून घेणार नाही.

मी नर्सिंग शाळेतला रबरी पेशंट आहे. कारखान्यात साच्यातून निघालो तेव्हा माझ्या पोटावर फक्त एक नंबर होता. इथल्या पहिल्याच वर्गाने मला 'आजोबा' म्हणायला सुरुवात केली आणि मी एकदम घरातला झालो. तेव्हापासून खिडकीजवळच्या लोखंडी खाटेवर पडून आहे. किती मुलींनी माझ्या दंडात सुया टोचल्या, मला कुशीवर वळवलं, माझं तोंड पुसलं! एकीने तर मला खाटेवरून पाडलं आणि घाबरून माझीच माफी मागितली. मी कधी हूं की चूं केलं नाही.

आमच्या शाळेचा एक शिरस्ता आहे. पेशंटला हात लावण्याआधी त्याच्याशी बोलायचं. आपण कोण, काय करणार ते सांगायचं आणि काम करताना विचारत राहायचं, दुखतंय का, घट्ट होतंय का. माझ्यासाठीही हाच नियम. नव्या मुली तोंड दाबून हसतात. रबराशी काय बोलायचं!

एक मुलगी मात्र हसली नाही. भरभर बोलायची म्हणून मैत्रिणी तिला 'एक्सप्रेस' म्हणत. "नमस्कार आजोबा, मी तुमच्या हाताला पट्टी बांधणारे, घाबरू नका हं, घट्ट होतंय का, छान, झालं!" सगळं एका दमात. आवाज गोड, चेहरा हसरा, पट्टी सुबक. "बोलावं तर हिच्यासारखं," असं शिकवणाऱ्या मॅडम सगळ्यांना सांगायच्या.

मग तिला वॉर्डात पाठवलं आणि दुसऱ्याच दिवशी मॅडमनी तिला माझ्या खाटेपाशी आणून उभं केलं. सोबत एक शिंपीकाका होते, मुरगळलेला हात गळ्यात बांधलेला. त्या हाताची बोटं सुजून निळसर झाली होती.

"पोरी, घट्ट होतंय का म्हणून विचारलंस ना?" काका म्हणाले. "मग उत्तर तरी घेऊन जायचं! मी तोंड उघडेपर्यंत तू पुढच्या खाटेवर. अगं, या बोटांवर माझं घर चालतं."



"आणखी एक तक्रार आली, तर शाळा सोडावी लागेल," मॅडमनी एक्सप्रेसला बजावलं. मग त्या माझ्याकडे वळल्या. "यानेच मुलींना वाईट सवय लावली. हा बोलत नाही, म्हणून त्या थांबत नाहीत. परीक्षा झाली की टाका याला कोठीत."

वा रे वा! चोर सोडून संन्याशाला फाशी! मी रबराचा आहे हे मी कधी लपवलं होतं का? तिला थांबायला मी कधी मनाई केली होती? असा राग आला म्हणता! पण मूग गिळून पडून राहण्यावाचून मला काय येतं?

दुपारी ती एकटीच आली आणि स्टुलावर बसली. "आजोबा, मला वाटायचं मला बोलता येतं," ती म्हणाली. "पण मी पाठ केलेलं म्हणत होते. काका कात्री कुठल्या हाताने धरतात, एवढंसुद्धा मी विचारलं नाही." मग तिने माझ्या मनगटाला पट्टी गुंडाळायला घेतली. "घट्ट होतंय का?" असं विचारून ती थांबली. माझ्या तोंडाकडे, माझ्या बोटांकडे पाहत राहिली. इतकं निरखून मला कारखान्यातसुद्धा कोणी पाहिलं नव्हतं.

"एक्सप्रेसची पॅसेंजर झाली!" मैत्रिणी खिदळल्या.

"होऊ दे," ती म्हणाली. "पॅसेंजर सगळ्या स्टेशनांवर थांबते."

ती वॉर्डात शिंपीकाकांकडेही जायची आणि माझ्यापाशी येऊन सगळं सांगायची. सुरुवातीला काका भिंतीकडे तोंड करून पडून राहत. ही काही न बोलता बसून राही. शेवटी एकदा ते कुरकुरले, "उशी सरकलीय." तिने उशी नीट केली. मग हळूहळू लेकीच्या तक्रारी, शेजाऱ्याच्या नकला, सगळं तिच्यापाशी येऊ लागलं. बोटांची सूजही उतरली.

परीक्षेला बाहेरून परीक्षक बाई आल्या, हातात घड्याळ घेऊन. एक्सप्रेसने माझ्या हाताला पट्टी बांधता बांधता विचारलं आणि ती थांबली.

"पुढे चला, ते रबरी आहे," बाई म्हणाल्या.

"माहितीये मॅडम. पण इथे थांबले नाही, तर वॉर्डातही माझ्याकडून थांबलं जाणार नाही."

घंटा झाली तेव्हा पट्टीला पिन लावायची राहिली होती. ती नापास झाली.

मॅडमनी तिला बाजूला घेतलं. "फेरपरीक्षेत हा हट्ट सोड. याच्यापुढे थांबू नकोस. पास हो आणि मग वॉर्डात हवं तेवढं थांब."

"नाही मॅडम. हवं तर आणखी सराव करते."

आणि केला की! माझ्या मनगटाची सालं निघाली. फेरपरीक्षेत ती तेवढीच थांबली, पण हात असा चालला की घंटेआधी पिन लागली. परीक्षक बाईंनी घड्याळ खिशात टाकलं आणि पास असं लिहिलं.

त्याच दिवशी शिपाई मला न्यायला ढकलगाडी घेऊन आला. एक्सप्रेस खाटेला पाठ लावून उभी राहिली.

"मॅडम, नव्या मुलींसाठी आजोबांना इथेच ठेवाल ना?" तिने विचारलं आणि ती थांबली.

मॅडमनी खिडकीबाहेर पाहिलं. टेबलावरच्या कात्र्या उगाच ओळीत लावल्या. घसा साफ केला. पूर्वीची एक्सप्रेस एव्हाना दहा कारणं सांगून मोकळी झाली असती. ही उभीच.

"ठेवा," मॅडम म्हणाल्या.

तर मित्रांनो, माझा कान शिवा किंवा शिवू नका, धूळ पुसा किंवा पुसू नका. पण कोणाला काही विचारलंत, तर उत्तर येईपर्यंत जागचे हलू नका. समोरचा माझ्यासारखा ठार गप्प असला तरीही. मी काही कुठे जात नाही. या आणि माझ्यावर सराव करा.